एकांकिकेसाठी ७ फुटी पितळी तांब्या करायचा आहे: सांगाडा कसला घ्यावा आणि पितळ रंगवावं कसं?

विंगेतली

नमस्कार. मी सांगलीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि यंदाच्या आमच्या एकांकिकेचं नेपथ्य माझ्याकडे आलंय. फ्लॅट (नेपथ्यातल्या भिंतींच्या चौकटी), दारं, खिडक्या आमच्या ग्रुपने पूर्वी केली आहेत, पण हे काम वेगळं आहे म्हणून सविस्तर लिहिते.

एकांकिका वाटणीची आहे. आजी गेल्यावर दोन भाऊ घर वाटायला बसतात. जमीन, दागिने, भांडी सगळं वाटून होतं आणि एका पितळी तांब्यापाशी येऊन अडतं. तो आजीच्या माहेरचा. पुढे प्रत्येक प्रवेशात तांब्या वाढत जातो. आधी खरा, हातात धरायचा. मग दोन हातांत उचलावा लागेल एवढा. आणि शेवटच्या प्रवेशात रंगमंचाच्या मधोमध माणसाहून उंच. आजी त्याच्या तोंडातून वर येऊन बोलते. एक भाऊ रागाने तांब्यावर हात आपटतो, असंही संहितेत आहे.

आम्ही उंची ७ फूट धरली आहे, पोटाची रुंदी ६ फूट. नेपथ्याला सगळं मिळून ६,००० रुपये आहेत आणि त्यात बाकीच्या वस्तूही बसवायच्या. स्पर्धेची प्राथमिक फेरी कोल्हापुरात आहे, सामान छोट्या हत्तीतून (छोट्या टेम्पोतून) जाणार. नेपथ्य लावायला १० मिनिटं मिळतात. काम करायला कॉलेजच्या सायकल स्टँडचा कोपरा मिळालाय, वर पत्रा आहे पण बाजू उघड्या, आणि पाऊस सुरू आहे.

ग्रुपमध्ये बहुतेकांचं म्हणणं आहे की थर्माकोलचे ठोकळे चिकटवून कोरायचे आणि वरून सोनेरी स्प्रे मारायचा. मला ते पटत नाहीये, पण दुसरं काय करावं ते नीट सुचत नाही. आमच्या दिग्दर्शकाला तांब्या 'खरा' हवाय. सोनेरी कागद लावलेल्या लग्नमंडपातल्या वस्तू असतात तसलं काही त्याला नकोय, आणि मलाही नको. कुणी मोठी गोल वस्तू केली असेल तर कृपया सांगा.

तालीममास्तर

थर्माकोल सोडा. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, हे एक. दुसरं, बाजारातल्या स्प्रेच्या डब्यात जे द्रावण असतं ते थर्माकोल खातं; मारल्या मारल्या पृष्ठभाग खड्डे पडून बसतो. सनमायका चिकटवायचा डिंकही तेच करतो. आणि थर्माकोलला आग लागली तर वितळून जळते थेंब खाली पडतात. आत माणूस उभा करणार असाल तर ते घेऊच नका.

रंगपेटी_कोल्हापूर

ताई, मी कोल्हापुरात नेपथ्य रंगवतो. हौशी संघांचं, राज्य नाट्य स्पर्धेचं आणि दर पावसाळ्यात कॉलेजच्या मुलांचं. वयाने मोठा आहे, म्हणून तुला एकेरीच लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे अख्खा तांब्या करू नकोस. प्रेक्षक समोर बसलेत, मागची बाजू कुणी बघणार नाही आणि आजीला आत शिरायला ती उघडीच लागणार. पण अर्धा गोल केलास तरी तो ३ फूट पुढे येईल, जड होईल, कागद दुप्पट लागेल आणि गाडीत बसवताना दमाल. तू पुढचा फुगवटा फक्त १५ इंचांचा ठेव. उरलेली गोलाई रंगाने दाखवायची. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी ज्या गावात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, त्या गावचा मी. सपाट कापडावर खांब, कमानी आणि त्यांच्यामागची खोली उभी राहायची. तुझ्या हाताशी तर १५ इंच आहेत, ते भरपूर आहेत. मोठी वस्तू करताना सारखं स्वतःला विचारायचं, हे बांधायलाच हवंय की रंगवून भागेल? रंगवून भागणारं जो बांधतो त्याची वस्तू टेम्पोतून उतरतानाच मोडते.

आता आकार. घरातला चांगल्या घाटाचा तांब्या घे आणि त्याचा बाजूने फोटो काढ. जवळून काढू नकोस, पोट फुगतं आणि गळा आखूड दिसतो. लांब उभी राहून झूम करून काढ. खाकी कागदाचे ताव जोडून भिंतीवर लाव, कॉलेजच्या प्रोजेक्टरवरून फोटो ७ फूट उंचीचा पाड आणि कडेने पेन्सिल फिरव. हाताने काढलेला तांब्या आणि असा उतरवलेला तांब्या यांतला फरक शेवटच्या रांगेतूनही कळतो, कारण आपल्यातल्या प्रत्येकाने हा आकार रोज हातात धरलेला असतो. गळ्याचं वळण जरासं चुकलं तरी लोकांना काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही.

तो आकार ६ मिलिमीटरच्या प्लायवर उतरवून कापून घे, मागून रिपा मार. ही झाली पाठ. मधला भाग कापून मोकळा ठेव, कडेची ६ इंच पट्टी पुरते. मग मधोमध एक उभी फळी, तीही प्लायचीच, तिची पुढची कड तांब्याच्या फुगवट्याप्रमाणे कापलेली, पोटाशी १५ इंच आणि गळ्याशी ७-८ इंच. आता बांबूच्या कामट्या रात्रभर पाण्यात भिजव आणि डाव्या कडेपासून त्या फळीवरून उजव्या कडेपर्यंत वाकवून बांध, दर ६ इंचांवर एक. बुरुडाकडून कामट्या काढून आणल्यास तर काम निम्मं होतं. सांगलीत बुरूड मिळायला अडचण नाही.

गळा आणि पोट वेगळं कर. जिथे गळा पोटाला मिळतो तिथे खऱ्या तांब्याला एक कंगोरा असतो, त्याच्या मागे सांधा लपतो. पोट साधारण साडेचार फूट, गळा-काठ अडीच फूट. छोट्या हत्तीचा हौदा साधारण ७ फूट लांब आणि ५ फुटांना किंचित कमी रुंद. ६ फूट रुंदीचं पोट लांबीच्या दिशेने उभं ठेवायचं, शेजारी गळा, मध्ये जुन्या गाद्या. दोन्ही तुकड्यांना सांध्यावर चार नट-बोल्ट, हाताने फिरवता येतील असे. पाना शोधत बसायचं नाही.

आजीसाठी मागे ३ फूट उंचीची लेव्हल, म्हणजे उभं राहायचा चौथरा, लागेल, म्हणजे तिचे खांदे काठाशी येतील. तांब्याची पाठ त्या लेव्हललाच बोल्टने आवळ. वेगळे टेकू लागत नाहीत आणि भावाने हात आपटला तरी तांब्या हलत नाही. लेव्हलला पायऱ्या आणि एका बाजूला धरायला दांडी हवीच. ब्लॅकआउटमध्ये नऊवारीत चढायचं आहे तिला. बाल्कनीतल्या लोकांना काठाच्या आत दिसतं, म्हणून आजीच्या पाठीमागे काळ्या कापडाची एक पट्टी ताण.

म्हापशेकर

नमस्कार. मी गोव्याचा. आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासुराचे पुतळे उभे राहतात, तुम्हाला ठाऊक असेल. त्यामुळे सांगाडा आणि कागद यांत हात बसलेला आहे, म्हणून दोन गोष्टी घालतो.

वरच्या काकांनी कामट्यांचं सांगितलं ते अगदी बरोबर. त्यावर थेट कागद लावला तर दोन कामट्यांच्या मधे तो आत बसतो आणि सुकल्यावर फासळ्या दिसतात. आधी जुनं मांजरपाट किंवा साडीचं सुती कापड खळीत भिजवून ताणून घ्या आणि ते पूर्ण सुकू द्या. मग कागद. कागद कात्रीने कापू नका, फाडा. फाटकी कड दुसऱ्या तुकड्यात मिसळते, कापलेल्या कडेची रेघ रंगातूनही दिसते. एक थर वर्तमानपत्राचा, एक खाकी कागदाचा असं आलटून पालटून लावा, म्हणजे कुठे थर राहिला ते लगेच कळतं. चार-पाच थर पुरेत.

खळीला एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळ्या न होऊ देता शिजवायचं आणि निवल्यावर थोडं फेविकॉल. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे. हातमोजे घाला, ते भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका आणि मांजर-कुत्री तिथे फिरकणार नाहीत असं बघा. एका वेळी दोनच थर, मग टेबलफॅन लावून सुकवा, आतून आणि बाहेरून. वरून कोरडं आणि आत ओलं राहिलं की चार दिवसांनी वास सुटतो आणि रंग सुटून येतो.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. नरकासुर पहाटे जाळायचाच असतो, त्यामुळे आम्ही सुकं गवत भरतो. नाटकात आकार भरायला गवत, पेंढा, कागदाचे बोळे काही भरू नका. आत पोकळच ठेवा.

विंगेतली

काका, म्हापशेकर, खूप खूप आभार! आज ग्रुपला दोन्ही उत्तरं वाचून दाखवली आणि थर्माकोल रद्द झालं. एकाची आत्या बुरुडाच्या दुकानाशेजारीच राहते, त्यामुळे कामट्यांची सोय झाली. प्रोजेक्टरवरून आकारही उतरवला. भिंतीवर ७ फुटी तांब्या दिसल्यावर सगळे गप्पच झाले, इतका छान दिसत होता.

आता रंगाचं. सोनेरी ऑइलपेंटचा डबा आणायचा का? आणि तांब्या 'मोठा' वाटण्यासाठी त्यावर काही नक्षी काढावी का? आमचा प्रकाशयोजनाकार विचारतोय की शेवटच्या प्रवेशात त्याने निळा प्रकाश ठेवलाय, तो चालेल ना?

रंगपेटी_कोल्हापूर

सोनेरी डबा आणू नकोस. सोनेरी रंग एका दिशेने चमकतो. पार दिव्याचा झोत पडला की एक ठिपका डोळ्यात घुसतो आणि बाकीचा तांब्या मातकट काळपट दिसतो. चकाकी आपण रंगवायची असते, रंगात नसावी. म्हणून सगळा रंग बिनचमकीचा: पांढरा डिस्टेंपर घे, त्यात पिवडी, गेरू, काजळी अशा कोरड्या पुड्या फेविकॉलच्या पाण्यात कालवून मिसळ. नुसत्या स्टेनरच्या (रंगछटा देणाऱ्या द्रवाच्या) बाटल्या ओतून गडद रंग करायला गेलीस तर तो पावसात नीट सुकत नाही. कागदावर आधी खडूची पूड आणि फेविकॉल यांचे दोन हात दे, पॉलिश पेपर मार आणि मग रंग सुरू कर.

रंगवायच्या आधी खरा तांब्या चिंचेने लख्ख घास आणि खिडकीशी ठेवून अर्धा तास नुसता बघ. पितळेत पिवळा रंग तुला वाटतो त्याहून फार कमी असतो. बरंचसं पितळ गडद तपकिरी असतं, त्यात हिरवट झाक असते आणि त्या गडदाला लागूनच एकदम पांढरट पट्टा येतो. मातीच्या मडक्यावर रंग उजेडाकडून अंधाराकडे हळूहळू जातो. धातूवर उडी मारतो. ही उडी दाखवलीस की पितळ झालं. पोटावर कडेला गडद पट्टा, पण अगदी काठाला नव्हे. काठापाशी दोन-तीन बोटं पुन्हा जरा उजळ ठेव, कारण तिथे आजूबाजूचा उजेड पडलेला असतो. त्या एका उजळ कडेने तांब्या मागे वळल्यासारखा दिसतो आणि तुझ्या १५ इंचांचे ३ फूट होतात. सावलीत नुसती काजळी वापरू नकोस, दिव्यात तिथे भोक पडल्यासारखं दिसतं. पिवडीत गेरू, काजळी आणि थोडा हिरवा.

आडवी कडी रंगवताना गळ्यावरची किंचित वर कमानदार, बुडाजवळची किंचित खाली. मधल्या रांगेतल्या प्रेक्षकाची नजर साधारण पोटाच्या मध्यावर येते असं धर. फार वाक देऊ नकोस, बाल्कनीतून ते वेडंवाकडं दिसेल.

नक्षीचं विचारलंस ते चांगलं केलंस. तांब्या मोठा वाटतो तो उंचीमुळे कमी आणि त्याच्यावरच्या बारकाव्यांमुळे जास्त. तुझा खरा तांब्या ७ इंचांचा, हा ७ फुटांचा; म्हणजे प्रत्येक गोष्ट बाराने गुणायची. काठाची जाडी खऱ्यात अडीच मिलिमीटर असेल तर इथे ३ सेंटिमीटर हवी. कारागिराने हातोडीने मठारलेला तांब्या असेल तर, पुण्याच्या तांबट आळीत अजून मिळतात तसा, त्याच्यावरचा पाव इंचाचा ठोका तुझ्याकडे ३ इंचांचा होतो. हे ठोके नक्की काढ. गाद्यांचा स्पंज ३ इंच गोल कापून शिक्का कर आणि आडव्या ओळींत उठव, एका ओळीतले ठोके वरच्या ओळीच्या फटीत येतील असे.

प्रत्येक ठोका म्हणजे खळगा आहे. उजेड वरून येतोय, तेव्हा खळग्याच्या वरच्या कडेला सावलीची चंद्रकोर आणि खालच्या कडेला उजेडाची. उलट झालं तर तांब्याला फोड आल्यासारखे दिसतात. आधी पुठ्ठ्यावर दोन ओळी काढ, ३०-४० फूट लांब जाऊन बघ. जवळून ती चंद्रकोर तुला भडक आणि ओबडधोबड वाटेल. तशीच ठेव. जवळून सुंदर दिसणारं काम लांबून सपाट होतं, हे रंगवणाऱ्या मुलांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. ब्रश ३-४ इंचीच द्या त्यांना, लहान ब्रश कपाटात ठेवा. जिथे सगळ्यात जास्त चकाकी हवी, गळ्यावरची उभी रेघ आणि काठ, तिथे शेवटी सोनेरी पावडर अगदी थोडी फिरव. तेवढंच सोनं.

आणि एक, संहिता वाचून सुचलं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात. ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं आजीचं नाव, लग्नाची तारीख, 'सप्रेम भेट'. वाटणीच्या गोष्टीत तेच तर भांडण आहे ना, वस्तू कुणाची? खऱ्या तांब्यावर ठिपका एक मिलिमीटरचा, तुझ्याकडे सव्वा सेंटिमीटरचा. बाटलीच्या बुचाने गडद ठिपके उठव आणि प्रत्येकाच्या खाली उजेडाची बारीक रेघ. पहिल्या प्रवेशातल्या हातातल्या तांब्यावर हे नाव प्रेक्षकाला वाचता येणार नाही. शेवटी अख्ख्या सभागृहाला येईल. दिग्दर्शकाला विचारून बघ.

निळ्या प्रकाशाचं: निळ्यात पिवळा मरतो, राखाडी-हिरवट होतो. तुझं सगळं पितळ जाईल. बाकी रंगमंच निळा ठेवायला हरकत नाही, पण तांब्यावर एका बाजूने स्वतंत्र अंबर, म्हणजे पिवळसर केशरी प्रकाश, सोडायला सांग. आणि कोणत्या बाजूने ते आजच ठरवून घे, कारण तू रंगवलेला उजेड डावीकडून आणि दिवा उजवीकडून, असं झालं की दोन्ही एकमेकांना खोडतात. शक्य असेल तर रंगवलेला पुठ्ठा घेऊन एकदा त्याच्या दिव्याखाली धरा.

तालीममास्तर

आगीचं कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं. नाटकवाल्यांनी रस्त्यावर उभं राहून ते पाहिलं. त्यानंतर कागद, कापड, बांबूचं काही रंगमंचावर नेताना ही काळजी घ्यायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.

टाकणखार दोन भाग, बोरिक पावडर एक भाग गरम पाण्यात विरघळवा आणि सुकलेल्या तांब्यावर मागच्या बाजूने, कामट्यांसकट, फवारणीच्या पंपाने दोनदा मारा. पुढून रंग लावायच्या आधी एक हात पुढूनही. हे द्रावण फेविकॉलच्या डब्यात किंवा खळीत मिसळू नका. टाकणखाराने फेविकॉल लगेच आळून रबरासारखं होतं. उरलेल्या तुकड्यावर मारून, सुकवून, मोकळ्या जागेत काडी लावून बघा. जळणं थांबत नाही, पण भडकत नाही आणि तेवढा वेळ आतल्या माणसाला बाहेर यायला मिळतो. हॅलोजन तांब्यापासून लांब, लेव्हलच्या खाली कुठलीही वायर नाही आणि विंगेत पाण्याची आणि वाळूची बादली.

विंगेतली

नावाची कल्पना दिग्दर्शकाला सांगितली. त्याने त्यावरून शेवटचं वाक्यच बदललंय! आता धाकटा भाऊ नाव मोठ्याने वाचतो, पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट, आणि तेव्हा आजी वर येते. काका, हे तुमच्यामुळे.

टाकणखाराचं प्रमाण लिहून घेतलं. प्रकाशवाल्याने अंबर डावीकडून कबूल केलाय.

एकच अडचण उरली. मोठा भाऊ तांब्यावर हात आपटतो तेव्हा कागदाचा 'थप्प' आवाज येतो. बाकी सगळं पितळ झालंय आणि आवाजाने कळतं की कागद आहे. ध्वनीवाल्याकडून रेकॉर्ड केलेला ठणठणाट वाजवून बघितला, पण हात पडायच्या आधी किंवा नंतर वाजतो.

रंगपेटी_कोल्हापूर

रेकॉर्डिंग नको, आवाज स्पीकरमधून बाजूने येतो ते कानाला कळतं. आजी त्या वेळी लेव्हलवर काठाखाली बसलेली असणार. तिच्या हातात घरातलं मोठं पितळी पातेलं किंवा घंगाळ दे, तळाशी कापडाची चुंबळ ठेव म्हणजे ते मोकळं वाजेल, आणि लाकडी रवीने तिलाच वाजवू दे. भावाचा हात तिला दिसायला हवा. गडद रंगवलेल्या भागात, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, वीतभर चौकोन काप आणि मागून मच्छरदाणीची जाळी ताणून चिकटव. जाळीवर तोच गडद रंग कोरड्या ब्रशने फिरव, भोकं बुजू देऊ नकोस. मागे अंधार असेल तोवर पुढून काही दिसणार नाही. आणि भावाला सांग, हात कामटीवर मारायचा नाही, दोन कामट्यांच्या मधे मारायचा आणि जोर खांद्यातून दाखवायचा. कागदाला नुसतं लागलं तरी चालेल.

रंगीत तालीम कधी आहे ते इथे कळव. कोल्हापुरात लावताना मी येतो, दिव्याखाली एखादा हात फिरवावा लागला तर पिवडी आणि ३ इंची ब्रश सोबत आणतो.